आधी पोतडीत हात, मग विशेषण

सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या महिन्यात फोनवर विचारले, "ताई, तुमच्याकडे लहान मुलांना इंग्रजीतली विशेषणे कशी शिकवतात गं? माझी मुले बिग-स्मॉल, लाँग-शॉर्ट अशा जोड्या धडाधड म्हणतात, पण समोर दोन काठ्या धरून यातली लाँग कोणती म्हटले की गप्प होतात." मी चौदा वर्षे इंग्लंडमध्ये राहते आहे आणि त्यांतली सहा वर्षे, मुलांचे वाचन ऐकण्यासाठी, आठवड्यातून एक सकाळ इथल्या एका प्राथमिक शाळेत जाते. तिला फोनवर दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

महाराष्ट्रात लहान मुलांच्या इंग्रजीवरचा वाद जुना आहे. २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा तो झाला, सेमी इंग्रजीच्या वर्गांवरून झाला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटल्यावर पुन्हा झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचा शासन निर्णय निघाला आणि जूनच्या अखेरीस मागे घेतला गेला, तेव्हाही कोवळ्या वयातल्या मुलावर किती भाषांचे ओझे टाकायचे हाच प्रश्न ऐरणीवर होता. या वादांत मी मातृभाषेच्या बाजूची आहे. मात्र कोणती भाषा आणि कितवीपासून, एवढ्यावरच सगळी शक्ती खर्च होते आणि परक्या भाषेतला शब्द मुलाच्या मनात उतरतो कसा, याकडे कोणी वळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नाम शिकणे तुलनेने सोपे असते, कारण गाय दाखवता येते, चेंडू हातात देता येतो. गुण असा वेगळा काढून दाखवता येत नाही. सफरचंदाचे चित्र दाखवून 'रेड' म्हटले, तर ज्याला रंगाची कल्पना अजून नीट आलेली नाही असे मूल 'रेड' हे त्या फळाचेच नाव समजू शकते. लाल आणि हिरवे अशी दोन सफरचंदे शेजारी ठेवली, की मग कोठे शब्दाचा रोख कळतो. 'बिग' तर याहून अवघड, कारण मोठा उंदीरसुद्धा लहान हत्तीपेक्षा लहानच असतो आणि मोठेपणा दरवेळी कशाच्या तरी शेजारी ठरतो. मायकल रॅम्स्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांना 'लाल चेंडू' या रचनेपेक्षा 'चेंडू लाल आहे' या रचनेतून रंगांची नावे अधिक चांगली शिकता आली, कारण वस्तू आधी ओळखली गेली की लक्ष तिच्या गुणाकडे मोकळे होते. जोड्या पाठ करून घेताना नेमकी ही वस्तूच गायब असते.

बहिणीच्या वर्गातल्या मुलांच्या बाबतीत एक मोठी जमेची बाजू आहे आणि ती आपण मोजतच नाही. लाल म्हणजे काय, लांब म्हणजे काय, हे त्यांना मराठीतून कधीच समजलेले आहे. त्यांना फक्त त्याच अनुभवावर दुसरे नाव चढवायचे आहे. याउलट, घरातली मराठी आटत चाललेली आणि पालकांचे इंग्रजी अडखळते, अशा घरातून साडेतीन वर्षांचे मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसते तेव्हा त्याला कल्पना आणि नाव ही दोन्ही एकदमच, तीही चित्राच्या तक्त्यावरून, मिळवावी लागतात. हे मी स्वतःच्या घरात भोगले आहे. मुलगी अडीच वर्षांची असताना, शाळेत मागे पडेल या भीतीने आम्ही दोघांनी तिच्याशी फक्त इंग्रजी बोलायला सुरुवात केली. सहा महिन्यांनी तिच्यापाशी आवडीसाठी 'नाइस' आणि नावडीसाठी 'यकी' एवढी दोनच विशेषणे उरली होती, कारण आमच्या इंग्रजीत लहान मुलाशी बोलण्याची विशेषणेच नव्हती. तिच्या बालवर्गाच्या शिक्षिकेने आम्हाला बोलावून सांगितले की घरी तुमचीच भाषा बोला, भरपूर बोला, इंग्रजीचे आम्ही पाहतो. भारतातून आलेल्या आईबापांना इंग्लंडमधल्या शिक्षिकेने हे सांगावे, याने मी त्या दिवशी हलून गेले.

मग घरात पुन्हा पिवळाधमक आंबा आला, ओलीचिंब छत्री आली, थंडगार पाणी, गोडमिट्ट चहा आणि आंबटढाण चिंच आली. नुसते काळे म्हणून मराठी थांबत नाही. केस काळेभोर आणि अंधार काळाकुट्ट असतो, आणि हा भेद मुलाला कोणी शिकवत नाही, ते कानाने उचलते. कोरडाठणठणीत, हिरवागार, लांबलचक हे शब्द ऐकत वाढलेल्या मुलाला गुणालाही कमीजास्तपणा असतो हे उपजतच कळते. पुढे इंग्रजीत 'सोकिंग वेट' किंवा 'पिच ब्लॅक' भेटले तेव्हा माझ्या मुलीने, "म्हणजे ओलाचिंब, म्हणजे काळाकुट्ट," असे म्हणून ते लगेच आपलेसे केले.

इथल्या स्वागतवर्गात, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात, मी पाहिलेला सर्वांत चांगला धडा एका कापडी पोतडीचा होता. तिच्यात लोकरीचा गुंडा, नदीतला गोटा, स्पंज, पाइनचे फळ अशा वस्तू होत्या. मूल न पाहता आत हात घालायचे आणि हाताला काय लागते ते सांगायचे. नाव घ्यायचे नाही, फक्त कसे आहे ते बोलायचे. नाम वापरायला बंदी केल्यावर विशेषणाची खरीखुरी गरज निर्माण होते, आणि शब्द सापडला नाही तर शिक्षिका तो त्याच क्षणी पुरवते.

इथले सगळेच अनुकरणीय आहे असे मात्र नाही. २०१४ पासून लागू असलेल्या इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 'ॲडजेक्टिव्ह' ही संज्ञा सहा-सात वर्षांच्या मुलांना माहीत असणे अपेक्षित आहे, आणि विशेषण जोडून नामाचा विस्तार करणेही त्याच इयत्तेत येते. त्यातून काही वर्गांत विशेषणे मोजण्याचा रोग लागतो आणि मुले 'मोठा, भयंकर, प्रचंड, काळा कुत्रा' अशी वाक्ये गुणांसाठी रचतात. ज्याने कुत्रा पाहिलेलाच नाही अशा मुलाचे ते लेखन वाटते. आपल्याकडच्या 'गुड-बेटर-बेस्ट'च्या तक्त्यांत आणि यात मला फारसा फरक दिसत नाही.

शिवाय आपल्या मुलांची अडचण कोठे आहे हे इथल्या पुस्तकांतून कळणार नाही. चांगला, चांगली, चांगले असे लिंगानुसार बदलणारे विशेषण लीलया वापरणाऱ्या मुलाला इंग्रजीतले न बदलणारे विशेषण सोपेच जाते. ते अडते तुलनेपाशी. 'ताई माझ्यापेक्षा उंच आहे' यात मराठीचा 'उंच' जागचा हलत नाही, सगळे काम 'पेक्षा' करतो. इंग्रजीत मात्र 'टॉल'चे 'टॉलर' होते, म्हणून आपले मूल 'मोअर टॉल' म्हणते. मोठा भाऊ, मोठा आवाज, मोठे घर यांना मराठीत एकच शब्द पुरतो, इंग्रजीत तीन लागतात. कडक ऊन, कडक चहा आणि कडक गुरुजी यांचेही तसेच. हे शिक्षकाला माहीत असेल तर तो मुलाची चूक हाताने खोडणार नाही, ती कोठून आली हे दाखवील.

बहिणीच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता आहेत, मदतनीस नाही, आणि शाळा सुटल्यावर मुलांच्या कानावर इंग्रजी पडत नाही. इथे माझ्या समोरच्या मुलाला मधल्या सुट्टीतही इंग्रजी मिळते. हे अंतर मोठे आहे आणि पोतडीने ते भरून निघेल असे मी म्हणणार नाही. पण पोतडीला पैसे लागत नाहीत, म्हणून तिने ती केली: चिंचोका, काथ्याची घासणी, रेशमी चिंधी, गूळ, ओढ्यातला गोटा आणि ओल्या मातीचे ढेकूळ. पहिले दोन दिवस तिने मुलांना मराठीतच बोलू दिले. तिसऱ्या दिवशी तिने मला मुलांनी सांगितलेल्या शब्दांची यादी पाठवली आणि इंग्रजी शब्द मागितले. गुळगुळीत, खरखरीत, टोकदार, चिकट हे मी लगेच कळवले. भुसभुशीतला 'क्रम्बली' सुचायला थोडा वेळ लागला. बुळबुळीतला दोन शब्द निघाले, 'स्लिपरी' आणि 'स्लायमी', आणि त्यांतला कोणता ओल्या मातीला लावायचा हे मुलांना हात घालून ठरवू द्यावे असे मी तिला लिहिले. लुसलुशीतला शब्द मी अजून शोधते आहे.