मग महादजी स्वतःच का नाही बसले तख्तावर?

परवा रविवारी भाच्याला घेऊन वानवडीला शिंदे छत्रीला, म्हणजे महादजी शिंदेंच्या समाधीला गेलो होतो. दहावीतला पोरगा, आत असेपर्यंत मोबाईल सोडला नाही, आणि बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर एकदम विचारतो, मामा, दिल्ली जर महादजींच्या हातात होती तर ते स्वतःच का नाही बसले तख्तावर, त्या बादशहाला कशाला ठेवला? हा प्रश्न इथे पण दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि खाली उत्तरं ठरलेली, एक तर "आपले लोक भोळे" नाहीतर "आपले लोक मोठ्या मनाचे". मला दोन्ही पटत नाहीत.

आधी त्या बादशहाचं, शाहआलमचं बघा. १७५९ ला वजीर इमाद-उल-मुल्कने त्याच्या बापाचा खून करवला आणि भलत्यालाच तख्तावर बसवलं. हा तेव्हा बिहारकडे, तिथेच त्याने स्वतःला बादशहा जाहीर केलं. पण दिल्लीत त्याच्या नावाने द्वाही कोणी फिरवली, तर आपल्या सदाशिवरावभाऊंनी, १७६० ला, पानिपतच्या जेमतेम तीन महिने आधी! सैन्याच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवणारे पण भाऊच आणि त्याच किल्ल्यात हजरही नसलेल्या माणसाला बादशहा करणारे पण भाऊच. मग १७६४ ला बक्सरला इंग्रज जिंकले, बादशहा त्यांच्या हातात आला, तरी बंगालचा महसूल गोळा करायला त्यांना त्याचाच कागद लागला. १७६५ ची ती दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, वर्षाला २६ लाखांच्या बदल्यात.

आता असं कसं, तर साधं आहे. आपली दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई, बाळाजी विश्वनाथांनी १७१९ ला आणलेली सनद, ती कोणाची? दिल्लीच्या बादशहाची. उद्या बादशहाच नाही म्हणलं की आपल्याच हातातली सनद रद्दी. शिवाय महादजी स्वतः बसले असते तर त्या दिवसापासून ते बाकीच्यांसारखेच एक सरदार, आणि राजपूत, रोहिले, जाट, अवधचा नवाब, सगळे एकत्र येऊन अंगावर. बादशहाच्या नावाने वसुली मागितली की ती सरकारी वसुली, स्वतःच्या नावाने मागितली की लूट.

आणि खरी गंमत पुढे आहे. १७८४ ला महादजींनी बादशहाकडून वकील-इ-मुतलकपद, म्हणजे त्याच्या सर्वाधिकारी कारभाऱ्याचं पद, मिळवलं ते स्वतःला नाही, पेशव्यांना! पेशवे म्हणजे सवाई माधवराव, वय दहा. पाटीलबाबा, म्हणजे महादजीच, त्यांचे नायब. पेशवे कागदोपत्री साताऱ्याच्या छत्रपतींचे चाकर, पुण्यात कारभार नाना फडणवीसांचा. म्हणजे नावाचा बादशहा, त्याचा नावाचा कारभारी, त्याचा नावाचा मालक साताऱ्यात. १७९२ ला पुण्यात त्या पदाच्या फर्मानाचा दरबार भरला तेव्हा बादशहाचं म्हणून एक रिकामं तख्त मांडलं होतं आणि पेशव्यांनी त्याला मुजरे केले, आणि हे सगळं स्वीकारायला नानांनी आधी साताऱ्याची परवानगी मागवलेली.

पण माझी तक्रार महादजींबद्दल पण आहे. ज्याच्या नावावर सगळं चालतं त्याला सांभाळायला नको? १७८७ ला राजपुतांशी झालेल्या लालसोटच्या लढाईनंतर ते मागे हटले, दिल्ली उघडी पडली, आणि १७८८ च्या पावसाळ्यात रोहिला सरदार नजीबखानाचा नातू गुलाम कादिर किल्ल्यात घुसला. खजिन्यासाठी फरशा उखडल्या, शाहजादे-बेगमांचे हाल केले आणि ऑगस्टमध्ये साठीच्या त्या म्हाताऱ्याचे डोळे काढले. "आफताब" म्हणजे सूर्य, या नावाने शायरी करायचा तो माणूस. आणि एवढं करून गुलाम कादिर तरी स्वतः बसला का? नाही! त्याने पण बेदारबख्त नावाचा दुसरा शाहजादा शोधून बसवला. महादजींचा सरदार राणेखानाने दिल्ली परत घेतली, गुलाम कादिरला पकडून मारलं, आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा त्याच तख्तावर बसवलं. जुन्या रिवाजात आंधळा म्हणजे राज्याला बाद, म्हणून तर डोळे काढायचे, पण इथे तेही चाललं. दिसत नसलं तरी शिक्का उमटतो ना.

१८०३ ला इंग्रजांचा जनरल लेक दिल्लीत आला तेव्हा शाहआलम फाटक्या छत्राखाली बसलेला. नंतर इंग्रजांचा पेन्शनर, १८०६ ला गेला. "शाहआलमचं राज्य दिल्ली ते पालम" ही म्हण त्याच्याच नावाला चिकटली (पालम म्हणजे आजच्या विमानतळाजवळचं), आणि बंगालमध्ये कंपनी १८३५ पर्यंत त्याच्याच नावाचे रुपये पाडत होती, वर्ष सुद्धा बदललं नाही, कित्येक वर्षं तेच जुनं "सन १९ जुलूस", म्हणजे त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष.

हे सगळं भैरोबा नाल्याच्या सिग्नलला अडकून सांगितलं भाच्याला. त्याने मोबाईलमधून मान पण वर काढली नाही. म्हणे, म्हणजे सगळ्यांचा ओटीपी त्याच्याच नंबरवर येत होता, आणि तो मेल्यावर पण सिम कोणी बंद केलं नाही.