उघडलंच आहे तर...

गाडीची एक सुतळी बदलायची होती. एवढंच.

गाडी म्हणजे १९६८ची पाँटियॅक जीटीओ. मी राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला. जिथे हे इंजिन घडलं ते पाँटियॅक गाव घरापासून वीस मिनिटांवर. दिवसा मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहितो आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन ते पुण्य फेडतो.

तर सुतळी. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला तेल अडवायला पाँटियॅकच्या इंजिनीयरांनी रबराचं सील नव्हे, ग्राफाइट माखलेली चक्क दोरी बसवली आहे. साडेतीनशे हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि राखणीला कोण, तर सुंभ! जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या सुंभाचा न जळताच गेला होता आणि गॅरेजच्या फरशीवर रोज नवा नकाशा उमटत होता.

नव्या सीलची किंमत किरकोळ. पण ते बसवायला खालचा चेंबर, म्हणजे इंजिनाची तेलाची परात, काढायला हवा, चेंबर निघायला इंजिन उचलायला हवं, आणि जवळजवळ तीनशे किलोचं इंजिन साखळीला लटकलं, की माणूस ते वाक्य बोलतो. घराची एक फुटकी फरशी बदलायला गवंडी बोलावलेल्या प्रत्येकाने ते कधीतरी उच्चारलेलं असतं. मी साखळीकडे बघत म्हणालो, "उघडलंच आहे तर..."

चेंबरच्या तळाशी, काळ्या गाळात, दात होते. क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी झडपांचा ताल जुळवणाऱ्या टायमिंग चेनच्या वरच्या चक्राला आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्याने नायलॉनचे दात दिले होते. ते वय झाल्यावर पडले आणि वाटीतल्या कवळीसारखे तेलात मुक्कामाला राहिले. थोडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकलेले. तेलाचं प्रेशर का पडत होतं त्याचा उलगडा झाला. चेन बदलायची ठरली. मग, उघडलंच आहे तर, हेड खोललं. पिस्टनच्या डोक्यावर छाप होता : ०३०. मधल्या कुण्या मालकाने एकदा तीस थाऊ बोअर मारून घेतला होता, म्हणजे झिजलेले सिलिंडर इंचाच्या तीस हजारांशाने रुंद करून घेतले होते. बोअर मारला आणि चेन जुनीच ठेवली! त्या थोर आत्म्याला मी शोधतो आहे.

रविवारी सांगलीला फोन केला. बाबांनी बजाज स्कूटरवर दोन बोअर काढलेले, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द प्रमाण.

"किती सीसी?"

"साडेसहा लिटर. आठ सिलिंडर. एका सिलिंडरचे मूळचे ८१९ सीसी होतात."

बाबा गप्प. आमच्या जुन्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं, आणि त्यात आम्ही सहा जण नरसोबाच्या वाडीला जायचो.

"देते किती?"

"चार. हायवेला साडेचार."

"लिटरला?" त्यांनी उगाच खात्री करून घेतली आणि फोन आईकडे दिला.

आता अडचण अशी, की बोअर वाढवत फार तर साठ थाऊपर्यंत जायचं, आणि तिथे शहाणी माणसं थांबतात. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव सांगाडाच, बदलावा म्हटलं तर पत्रिका आडवी येते. १९६८ पासून कारखान्याने ब्लॉकवरही गाडीच्या नंबराचे आकडे ठोकायला सुरुवात केली. ते गाडीच्या पाटीशी जुळले तर गाडी खानदानी. छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळलेल्या घरातला नवरा बदलायचा कसा, मग तो कितीही तेल पिईना का?

मशीन शॉपवाले आजोबा सत्तरीचे असावेत. ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून, चिरा तपासून, मापं घ्यायला त्यांच्याकडे चार महिन्यांची रांग. "तोवर पिस्टन मागवून ठेवू?" मी विचारलं. किती थाऊचे लागतील ते मापं घेतल्याशिवाय कसं कळणार, ते म्हणाले. बरं, मग मापं झाली की लगेच बोअर? छे. पिस्टन हातात आल्याशिवाय ते बोअर मारत नाहीत, कारण प्रत्येक भोक आपापल्या पिस्टनच्या मापाने घासायचं असतं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे त्यांना इंग्रजीत सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांनी माझं लग्न झालंय का विचारलं.

शिवाय हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर वाढलेलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.७५. आजच्या पंपावरचं पेट्रोल त्याला पचत नाही, म्हणजे हा दाब उतरवायला खोलगट पिस्टन आले. नव्या तेलांत जस्त कमी, म्हणून झडपा उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, जुन्या धाटणीचा घातला तर पहिली वीस मिनिटं दोन हजार आरपीएमवर धरून ठेवायचा, नाहीतर त्याचे उंचवटे घासून सपाट. एवढे सोपस्कार तर माझ्या मुंजीत नव्हते. रोलर कॅम घेतला तर ही कटकट नाही, पण त्याची किंमत पाहिल्यावर मला जुन्या परंपरांबद्दल एकदम आदर वाटू लागला.

यादी चार ओळींची होती, ती आता एकशे तेरा ओळींची आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, त्यात गाडी न्यायची म्हणून ही सगळी घाई. कुठला ऑगस्ट, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोने यादी वरून खाली वाचली आणि शांतपणे म्हणाली, "गॅरेज एवढं उघडलंच आहेस, तर स्वयंपाकघराचा ओटाही करून घेऊ." दोन्हींचा हिशोब आता एकाच एक्सेलमध्ये आहे. ग्रॅनाइट आणि गॅस्केट एकाखाली एक.

गेल्या रविवारी बाबांनी पुन्हा विचारलं, "मुळात झालं काय होतं रे तिला?"

"तेल गळत होतं."

"किती?"

"आठवड्याला वाटीभर."

"मग खाली वाटी ठेवायची."

मी एकशे चौदावी ओळ लिहिली : वाटी, नग एक. आतून आवाज आला, "माझ्या मांडणीतली घ्यायची नाही हं."