‘समोर काहीही आलं तरी गाडी थांबते’? नाही थांबत, काका

परवा आमच्या काकांनी गाडीतल्या क्रूझबद्दलचा एक मेसेज मला पाठवला. खाली त्यांची स्वतःची ओळ: ‘वाच, आता नागपूर-संभाजीनगर म्हणजे सोफ्यावर बसून जाणं.’ काका बासष्टचे आहेत, गाडी नवी कोरी आहे आणि महिन्यातून दोनदा ते समृद्धीवरून लेकीकडे जातात. हाच मेसेज त्यानंतर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून हे सगळ्यांसाठीच लिहितेय.

पहिलाच दावा असा: ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ लावा आणि पाय आवरून बसा. समोर काहीही आलं तरी गाडी स्वतः थांबते.’

यातला ‘काहीही’ हा शब्द जीव घेईल. ही सोय मुळात आपण ठरवलेला वेग धरून समोर चालत असलेल्या गाडीच्या मागे अंतर राखण्यासाठी आहे, आणि समोरचं ती मुख्यतः रडार आणि कॅमेऱ्यानं बघते. उभ्या वस्तूचं गणित वेगळं असतं. रडारच्या लहरी कठड्यावरून, दिशाफलकावरून, पुलाच्या खांबावरून, सगळ्यांवरून परत येतात. त्या प्रत्येकाला घाबरून गाडीनं ब्रेक मारला तर दर शंभर मीटरवर मागचा ट्रक आपल्यावर येईल. म्हणून बऱ्याच गाड्यांत उभ्या वस्तूंकडून येणाऱ्या खुणांना कमी महत्त्व दिलेलं असतं, निदान कॅमेऱ्याची खात्री पटेपर्यंत. जास्त वेगात ती खात्री वेळेत पटेलच असं नाही. नव्या गाड्या यात सुधारल्यात, तरीही त्यांच्या मॅन्युअलमध्ये उभ्या वाहनांबद्दलचा इशारा असतोच. तो कुणी वाचत नाही.

कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत 22 जानेवारी 2018 ला नेमकं हेच झालं. टेस्लाची गाडी ऑटोपायलटवर, म्हणजे वेग आणि स्टिअरिंग सांभाळायला मदत करणाऱ्या तिच्या यंत्रणेवर, पुढच्या गाडीमागे चालली होती. पुढच्या गाडीनं लेन बदलली आणि समोर उभा होता अग्निशमन दलाचा बंब. रस्ता मोकळा झाला असं समजून टेस्लानं वेग वाढवला, ताशी सुमारे 34 किलोमीटरवरून 50 वर, आणि ती बंबावर आदळली. इशारा वाजला तो धडकेच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी. अपघात तपासणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी सरकारी संस्थेच्या अहवालात हे सगळं आहे. वेग कमी होता म्हणून चालक वाचला. समृद्धीवर आपण 120 नं जातो.

मागच्या दिवाळीत जालन्याच्या अलीकडे मी क्रूझवर असताना माझ्या पुढची गाडी अशीच एकदम उजवीकडे सरकली. डॅशबोर्डवरचं तिचं छोटं चित्र गेलं आणि इंजिनाचा आवाज चढायला लागला. समोर पंक्चर झालेला ट्रक, त्याच्या मागे तीन दगड आणि एक बाभळीची फांदी. ब्रेक मी दाबला. गाडीनं दाबला असता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, आणि मागच्या सीटवर आई झोपलेली असताना ते तपासून बघायची माझी तयारी नव्हती. 120 च्या वेगात सेकंदाला 33 मीटर जातात. दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच पन्नासएक मीटर संपतात. पाय आवरून मांडी घातली असेल तर किती संपतील, तुम्हीच धरा.

पुढचा दावा वाचून तर हात थरथरले. ‘स्टिअरिंगला अर्धी भरलेली पाण्याची बाटली अडकवा, हात ठेवायची वॉर्निंग येत नाही.’ अहो, त्या सरळसोट रस्त्यावर डोळा लागतोय का, हे विचारणारी तेवढी एकच गोष्ट गाडीत आहे! तिचंच तोंड बंद करायचं? कल्व्हर सिटीच्या चालकाचे हातही बहुतेक वेळ स्टिअरिंगवर नव्हते, आणि एनटीएसबीनं मुख्य ठपका ठेवला तो त्याच्या बेसावधपणावर आणि यंत्रणेवरच्या फाजील विश्वासावर. आपल्याकडे मिळणाऱ्या अशा गाड्या फार तर ‘लेव्हल 2’ च्या असतात. म्हणजे स्टिअरिंगला, ब्रेकला गाडी हातभार लावते, पण रस्त्यावर नजर माणसानंच ठेवायची. पोलिसांपुढे ‘गाडी क्रूझवर होती’ हे उत्तर चालत नाही, चालक तुम्हीच असता.

‘गॅप कमीत कमी ठेवा, नाहीतर मध्ये घुसतात.’ गॅप म्हणजे पुढच्या गाडीपासून राखायचं अंतर. घुसतात, हे खरं आहे. मलाही राग येतो. पण प्रत्येक घुसणाऱ्यामागे आपले फार तर दोन सेकंद जातात. वीस जण घुसले तरी मिनिट भरत नाही. त्यासाठी कंटेनरच्या पाठीला चिकटून जायचं? आणि सळ्यांचा ट्रक असेल तर रडारला ट्रकची पाठ दिसते, बाहेर आलेल्या सळ्या दिसतीलच याची खात्री नाही.

‘घाटात लावा, ब्रेक वाचतात.’ साफ उलटं. उतारावर वेग धरून ठेवायला यंत्रणा ब्रेकच वापरत राहते आणि ते तापतात. वळणावर पुढची गाडी नजरेआड झाली की गाडी वेग घेऊ शकते. खंडाळ्याला क्रूझ बंद करा, खालचा गिअर घ्या.

‘पावसात, धुक्यात रडारला सगळं दिसतं.’ रडार कॅमेऱ्यापेक्षा बरं, एवढं मान्य. पण त्यावर चिखल बसला की तेही आंधळं होतं, आणि रस्ता निसरडा झालाय म्हणून अंतर वाढवायचं काम ते करत नाही.

मी स्वतः क्रूझ वापरते. दिवसा, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर, सर्वात मोठ्या गॅपवर, पाय ब्रेकजवळ ठेवून. चार तासांनी गुडघा कमी दुखतो, मेसेजातलं तेवढं खरं आहे.

काकांना फोन केला. बाटली लावलीच होती त्यांनी. काढली म्हणाले. गॅप कुठून वाढवायची ते त्यांना सापडत नाहीये, रविवारी शेजारी बसून दाखवणार आहे.