पौर्णिमेच्या रिंगणात सैतान नसतो

गेल्या पौर्णिमेपासून एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मला तो तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 'विक्का या हजारो वर्षं जुन्या पंथातल्या चेटकिणी दर पौर्णिमेला नग्न होऊन जमतात, सैतानाची पूजा करतात, प्राण्यांचे बळी देतात, लोकांवर करणी करतात. ब्रिटनमध्ये यावर बंदी आहे. आपल्या मुलींना सावध करा.' यातली एकच गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीचं खोडून काढायलाच हवं.

आधी वयाचं बघू. विक्का आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचा आहे. मलायात जकात खात्यात नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या जेराल्ड गार्डनर यांनी 1954 साली पुस्तक लिहून तो लोकांसमोर आणला. हा पुरातन धर्म गुपचूप टिकून राहिला, असं त्यांचं म्हणणं. त्याला आधार होता मार्गारेट मरे यांच्या 1921 मधल्या सिद्धान्ताचा. युरोपात चेटूक केल्याबद्दल ज्यांना शिक्षा झाल्या ते लोक एका जुन्या धर्माचे अनुयायी होते, असा तो सिद्धान्त, आणि तो इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढला आहे. पौर्णिमेच्या बैठकीला 'एस्बॅट' म्हणतात, तो शब्दही मरेबाईंच्याच लिखाणातून आला. महिन्यातून एकदा, पूर्ण चंद्र असताना एकांतात जमून देवीची आराधना करावी, ही आज्ञा चार्ल्स लेलंड यांच्या 1899 च्या पुस्तकात आहे. 1953 मध्ये गार्डनर यांच्या मंडळात आलेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी ती नव्याने, फार सुंदर गद्यात लिहिली. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये हे सगळे धागे उलगडून दाखवले, आणि अनेक विक्कन मंडळींनी ते मोकळेपणाने मान्यही केले. मला याचं मोल वाटतं. आपला धर्म कालपरवाचा आहे हे कबूल करायला धैर्य लागतं.

आता सैतान. सैतान ख्रिस्ती धर्मातला आहे. विक्कात त्याला जागाच नाही. तिथे एक देवी आणि एक शिंगं असलेला देव. ती शिंगं रानातल्या हरणाची किंवा बोकडाची, पण चित्रात शिंगं दिसली की पाहणारा सैतान समजतो.

मग त्या रात्री होतं काय? जमिनीवर रिंगण आखतात. चार दिशांना चार तत्त्वांचं आवाहन करतात. मग मुख्य विधी, 'चंद्र खाली उतरवणे'. ग्रीसमधल्या थेसली प्रांतातल्या बायका चंद्र उतरवतात असं प्राचीन ग्रीक साहित्यात म्हटलं आहे. नाव तिथलं, विधी आताचा. पुरोहित गुडघे टेकून देवीला पुरोहितेच्या ठायी बोलावतो आणि मग ती देवी म्हणून बोलते. आपल्याकडे अंगात येतं तसंच काहीसं, फक्त इथे बोलायचे शब्द बहुधा आधीच पाठ असतात. तो काळ्या मुठीचा सुरा, ज्याचा फोटो निरोपाला जोडला आहे, त्याने रिंगण आखतात आणि त्याचं टोक वाइनच्या पेल्यात बुडवतात. रक्ताचा संबंध नाही. शेवटी केक आणि वाइन वाटून घेतात आणि रिंगण मोडतात.

नग्नतेची गोष्ट अर्धी खरी. गार्डनर यांच्या परंपरेत विधी विवस्त्र होऊन करतात. त्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'आकाश पांघरलेले', म्हणजे नेमका आपला 'दिगंबर'. हा शब्द ज्यांच्या रोजच्या नामस्मरणात आहे, त्यांनी तरी किळस दाखवू नये. शिवाय आज कितीतरी जण साध्या कपड्यांत, एकटेच, खिडकीशी मेणबत्ती लावून पौर्णिमा करतात.

बंदीचं तर उलटंच आहे. जादूटोण्याविषयीचा 1735 चा कायदा ब्रिटनने 1951 मध्ये रद्द केला. अमेरिकेत 1986 मध्ये संघीय न्यायालयाने विक्काला धर्म मानलं आणि 2007 पासून तिथल्या सैनिकांच्या थडग्यांवर त्यांचा पंचकोनी तारा कोरता येतो.

करणीबद्दल सांगायचं तर त्यांचं सर्वांत प्रसिद्ध वचनच असं आहे, की कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर. मंत्राने आजार बरा होतो किंवा चांदण्यात ठेवलेल्या पाण्यात शक्ती येते, हे मी मानत नाही. पण न पटणं वेगळं आणि खोटा आळ घेणं वेगळं.

मला सर्वांत जास्त खटकला तो 'चेटकिणी' हा शब्द. इंग्लंडमधली बाई स्वतःला 'विच' म्हणवते ते स्वखुशीने, अभिमानाने. नंदुरबारच्या पाड्यांवर 'डाकीण' हा शब्द दुसरे लावतात, आणि त्या बाईला मार खावा लागतो, गाव सोडावं लागतं. 'आपल्या मुलींना सावध करा' म्हणत हा निरोप तोच संशय घरोघर पोचवतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमुक व्यक्ती करणी करते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं आणि तिला सैतान ठरवणं, हाच गुन्हा आहे.