करवंद म्हणजे ब्लॅकबेरी? फोटो तरी नीट बघा

उन्हाळा लागला की कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘परदेशात महागडी विकली जाणारी ब्लॅकबेरी म्हणजे आपलं करवंद. झुडूप तेच, काटे तेच, गुण तेच. पन्हाळा, दाजीपूर, गगनबावड्याला फुकट मिळतं. फोटोवरून ओळखा आणि खा.’ फोटो खऱ्या ब्लॅकबेरीचा!

झुडूप तेच? कूळसुद्धा एक नाही. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली, करवंद कण्हेर-रुईच्या. म्हणून करवंद तोडलं की पांढरा चीक येतो आणि ओठ चिकट होतात. ब्लॅकबेरीला असा चीक नसतो. तिचं पान तीन-पाच दलांचं, दातेरी कडांचं. करवंदाचं साधं, जाड, चकचकीत.

काट्यांचंही तसंच. ब्लॅकबेरीचे काटे गुलाबासारखे, सालीवर आलेले. त्यांच्या आकड्यांनी धरत तिच्या लांब फांद्या शेजारच्या झुडपांवर चढतात. करवंदाचा काटा म्हणजे टोकदार झालेली फांदीच, पुष्कळदा दुबेळक्यासारखी. करवंदीच्या जाळीत हात घातलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

फळ बघा. ब्लॅकबेरी हा एका फुलातून तयार झालेल्या बारीक मण्यांचा घोस, दर मण्यात एक बी. करवंद एकसंध. ते फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा पोरांचा खेळ ब्लॅकबेरीवर खेळून दाखवा की! तिची जवळची नातलगच हवी असेल तर महाबळेश्वरला विकायला असते ती रासबेरी. ती तोडली की गाभा झाडावर राहतो नि फळ पोकळ निघतं. ब्लॅकबेरीचा गाभा फळासोबत येतो.

गुणांचं थोडक्यात: दोन्ही फळं चांगलीच, पण एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर खपवू नयेत.

खरी काळजी ‘ओळखा आणि खा’ची. त्या फोटोसारखे काळ्या मण्यांचे घोस आपल्या डोंगरांत सर्रास दिसतात ते घाणेरीला, म्हणजे टणटणीला. तीही काटेरी, तीही झाडांवर चढते. मूळची अमेरिकेतल्या उष्ण भागातली. तिची हिरवी फळं विषारी, पाला खाल्ला तर गुरांनाही बाधतो. फोटो घेऊन डोंगरात गेलेलं शहरातलं पोर करवंदीची जाळी सोडून नेमकं हिच्यापाशी थांबेल. पान चुरगळून बघायला शिकवा: उग्र वास आला, पान खरखरीत लागलं, एकाच गुच्छात दोन-तीन रंगांची फुलं दिसली, तर ती घाणेरी. तिथलं फळ तोंडात घालायचं नाही.