‘मी दंड आहे’

परवा यंत्राने केलेलं एक भाषांतर तपासायला आलं होतं, त्यात ही ओळ सापडली. एक बाई दमून बसली आहे, मैत्रीण विचारते, कशी आहेस? आणि बाई शांतपणे सांगते, “मी दंड आहे.”

पाच मिनिटं हसत होते. सबटायटल लिहिणं हा माझा धंदा, त्यामुळे यंत्राची फजिती झाली की जरा आसुरी आनंद होतोच. हसू ओसरल्यावर मात्र वाटलं, बिचाऱ्याचं चुकलं तरी काय? शब्दकोशात ‘फाइन’समोर दंड आहेच की. शिवाय उत्तम आहे, बारीक आहे, तलम आहे, बरं आहे, ठीक आहे. एवढ्या गर्दीतून त्याने एक अर्थ उचलला आणि तो नेमका नको तो निघाला.

अशा वेळी लोक म्हणतात, इंग्रजीला ताळतंत्र नाही, एका शब्दात काहीही कोंबतात. मला ते पटत नाही. निदान ‘फाइन’च्या बाबतीत तरी नाही. हे सगळे अर्थ एकाच घरातले आहेत, आणि त्या घराचं नाव आहे ‘शेवट’.

लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. फायनल, फिनिश ही त्याचीच मंडळी. जुन्या फ्रेंच चित्रपटांच्या अखेरीला पडद्यावर तीन रोमन अक्षरं येतात, ‘फिन’, तेही हेच. पाश्चात्त्य संगीताच्या कागदावर इटालियन ‘फीने’ लिहिलेलं असतं, आणि गंमत म्हणजे ते पुष्कळदा पानाच्या मध्येच असतं. वादक तळापर्यंत वाजवतो, पुन्हा सुरुवातीला जातो आणि मग त्या मधल्या ‘फीने’पाशी येऊन थांबतो.

शेवटापर्यंत नेलेली वस्तू म्हणजे जिच्यात आता करण्यासारखं काही उरलं नाही ती. सोन्यातला हीण काढत काढत शेवट गाठला की ते ‘फाइन गोल्ड’. ९९९ म्हणजे हजार भागांतले ९९९ भाग सोनं. २२ कॅरटला तोच आकडा ९१६. या शुद्धतेला इंग्रजीत ‘फाइननेस’च म्हणतात. इथून ‘उत्तम’ हा अर्थ एका पावलावर. आणि वस्तू घासत, गाळत, वस्त्रगाळ करत शेवटाला नेली की ती होते बारीक. हवेतल्या ज्या धुळीला आपण पीएम २.५ म्हणतो ते ‘फाइन पार्टिकल्स’, व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. त्यांच्यात चांगलं काहीच नाही, थेट फुप्फुसात खोलवर जातात. पण बारीक आहेत म्हणून फाइन. क्रिकेटमधला फाइन लेगही असाच. कर्णधार त्याला “अजून फाइन जा” म्हणतो तेव्हा तो त्याची तारीफ करत नसतो, खेळपट्टीच्या रेषेशी असलेला कोन बारीक करायला सांगत असतो.

आपण यात काही वेगळं करत नाही. ‘अत्यंत’ म्हणजे अंताच्याही पलीकडे. ‘पराकाष्ठा’मधली काष्ठा म्हणजे सीमा. आणि ‘सिद्धांत’ म्हणजे सिद्ध झालेला अंत, आता वाद नाही.

वाद नाही, यावरून दंडाकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीच्या वादाची न्यायालयापुढे जी तडजोड व्हायची, तिलाच ‘फाइन’ म्हणत. तिच्या लेखाची सुरुवातच लॅटिनमध्ये ‘ही अखेरची तडजोड’ अशा शब्दांनी व्हायची. ११९५ पासून हा लेख चामड्याच्या एकाच पानावर तीनदा लिहायची पद्धत पडली. वर शेजारी शेजारी दोन प्रती, खाली आडवी तिसरी. प्रतींच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहायचा आणि बरोबर त्या अक्षरांमधूनच नागमोडी कापायचं. वरच्या दोन प्रती दोन पक्षांना, खालची न्यायालयात. उद्या कुणी खोटा लेख घेऊन आला तर तुकडे जुळवून बघायचे; वळणं बसली नाहीत, अर्धी अक्षरं जुळली नाहीत की चोरी उघडी. खालच्या त्या तुकड्याला ‘फुट ऑफ फाइन’ म्हणतात, म्हणजे फाइनचा पाय. १८३३ च्या कायद्याने ही पद्धत मोडीत काढली, पण ते हजारो ‘पाय’ इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अजून जपून ठेवलेले आहेत.

तर फाइन म्हणजे प्रकरण निकाली काढणं. ते निकाली काढायला पैसे मोजावे लागत, म्हणून ते पैसेही फाइन. पुढे तडजोड मागे पडली आणि शिक्षेचे पैसे तेवढे उरले. (फायनान्सही याच कुळातला. मुळात त्याचा अर्थ होता देणं फेडून मोकळं होणं. आता ज्या दिवशी फायनान्स मिळतो त्या दिवशी देणं सुरू होतं, ही प्रगती कुणी केली देव जाणे.)

आता आपला शब्द बघा. ‘दंड’ म्हणजे मुळात काठी. इंग्रजी माणूस पैसे भरतो तेव्हा त्याची भाषा म्हणते, संपलं. आपण भरतो तेव्हा आपली भाषा पाठीवर काठी उगारते.

हा फरक नुसता शब्दांचा खेळ आहे असं वाटत असेल तर इस्रायलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग सांगते. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. १० पाळणाघरं निवडली. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून त्यांतल्या ६ ठिकाणी उशिरा येणाऱ्यांना दंड सुरू केला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. पुढे दंड काढून टाकला तरी खाली आला नाही. आधी पालकांना बाईंसमोर ओशाळं वाटायचं. आता पैसे भरले, हिशेब मिटला, ओशाळायचं कशाला? दंड लावणाऱ्यांच्या मनात काठी होती. भरणाऱ्यांनी मात्र तो फाइनच्या जुन्या अर्थाने भरला.

राहिला रोजच्या बोलण्यातला ‘आय अ‍ॅम फाइन’. मला सगळ्यात जास्त छळणारा. एके काळी सोन्याच्या शुद्धतेला लागणारा शब्द घसरत घसरत ‘चाललंय’पर्यंत आला. तक्रार करण्यात अर्थ नाही, आपल्या ‘बरं’चं हेच झालंय. ‘बरं झालं आलास’ यात आनंद आहे, ‘ताप उतरला, बरा आहे’ यात सुटका आहे आणि नुसतं ‘बरं.’ आलं की समोरच्याने सावध व्हायला हवं. मोबाइलवर तर तो पूर्णविरामच घात करतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. छोट्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर मोबाइलवरचं तेच उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असा फरक पडला नाही. घराघरात ठाऊक असलेली गोष्ट, पण विद्यापीठाने सांगितली की बरं वाटतं.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक प्रसंग होता. रात्र. नवरा फार उशिरा घरी येतो. बायको कपड्यांच्या घड्या घालतेय, मान वर करत नाही. तो विचारतो, ठीक आहेस ना? ती म्हणते, फाइन. तो म्हणतो, सकाळी बोलू या का? फाइन. मग तो थोडं थांबून म्हणतो, तुला नको असेन तर मी भावाकडे जातो. ती हातातला शर्ट खाली ठेवते आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघते. फाइन.

पहिला सोपा होता, ‘बरी आहे.’ दुसऱ्याला ‘बरं.’ तिसऱ्यावर दीड तास गेला. ‘ठीक आहे’ लिहून बघितलं, फार समजूतदार वाटलं. ‘जा’ लिहिलं, तर तिच्या तोंडी नसलेला राग आला. ‘बरं’ पुन्हा लिहिलं असतं तर तिने शर्ट खाली ठेवला हे वाया गेलं असतं. शेवटी लिहिलं, ‘विषय संपला.’

तपासणाऱ्या सरांचा शेरा आला: “मुळात एकच साधा शब्द आहे. तुम्ही फार लांब गेलात, शब्दशः ठेवा.”

मी उत्तर पाठवलं, “सर, शब्दशःच आहे.”