चोर परवडला!

नैरोबीत सहा वर्षं राहतेय. परवा भर रस्त्यात मोबाइल हिसकावला. ते दुःख एका दिवसाचं, खरा छळ पुढे! चौकीत तक्रार लिहायला 'चाय', म्हणजे लाच. विम्यासाठी त्याच तक्रारीचा दाखला मागितला, तर 'किटू किडोगो', म्हणजे स्वाहिलीत 'थोडंसं काहीतरी'. का म्हणून? मुहिंदी, म्हणजे भारतीय, दिसला की खिसा भरलेलाच, हे ठरवलं कुणी? गाडी अडवली, चाय. परमिट बघायचंय, चाय. वर केनियाच्या 2016 च्या लाचविरोधी कायद्यात देणाराही गुन्हेगार! लुबाडलं मला, आणि पैसे दिले तर तुरुंगातही मीच? नाही दिले. तीन खेपा झाल्या, दाखला अजून नाही. कोपऱ्यावरची भाजीवाली तर हे रोज सोसते, आणि तिला परतायला दुसरा देशही नाही.